उलट हाक

काळी नदीला पूर आला की कोनशेत आणि वांगडे ही दोन गावं एकमेकांना फक्त ऐकून ओळखत. तेव्हा त्या बाजूला पूल नव्हता. उन्हाळ्यात बायका लुगडं खोचून दगडांवरून पलीकडे जात, पाऊस लागला की काही दिवस होडी चाले, आणि एकदा का आषाढात पाणी चढलं की होडी झाडाला बांधून पालथी घालायची. मग गणपतीपर्यंत माणसानं माणसाला भेटायचं ते आवाजानं. मूल झालं, म्हैस चुकली, रोपं कमी पडली, सुप्याच्या बाजाराहून येताना कुणी पलीकडेच अडकलं, सगळं ओरडून सांगायचं. त्यासाठी दोन्ही काठांना एकेक खडक होता. त्याला हाकेचा खडक म्हणत.

ओरडणं सोपं हो, छातीत दम असला की झालं. ऐकणं कठीण. भरलेली नदी शब्द खाते. बारीक अक्षरं ती आधी खाते आणि लांबवलेले स्वर तेवढे अलीकडे सोडते. म्हणून हाक देणारा एकेक तुकडा ताणून देई आणि घेणारा मधलं गेलेलं मनानं भरून काढी. ज्याला पलीकडची घरं, माणसं, कुणाची कुठली म्हैस गाभण आहे हे सगळं ठाऊक, त्यालाच ते भरता येई. परका माणूस कितीही तिखट कानांचा असला तरी त्याला नुसता कालवा ऐकू येई. अर्धं कान ऐकतात आणि अर्धं डोकं, असं कोनशेतात म्हणत, आणि ते खरं होतं.

आता मनानं भरायचं म्हटलं की चूक आलीच. त्यावरही जुन्या लोकांनी उपाय करून ठेवला होता. जे ऐकलं ते घेणाऱ्यानं तसंच्या तसं परत ओरडून सांगायचं. ही उलट हाक. ती बरोबर आली की पलीकडचा ‘व्हय’ म्हणे आणि दोघं आपापल्या घरी जात. उलट हाक नसे ती फक्त मरणाला. मरणाची गोष्ट पाण्यावरून दोनदा गेली तर ती जोडीदार शोधते, असं मानत. म्हणून मरण ऐकलं की गप्प राहायचं. आणि कुणी दुखणाईताची चौकशी केली आणि तो माणूस गेलेला असला, तर सांगायचं काहीच नाही, नुसतं उभं राहायचं. विचारणारा काय ते समजे, डोक्यावरचं इरलं काढी, आणि पावसात बोडक्या डोक्यानं परत जाई.

कोनशेतातला हाकेचा मान कान्हूच्या घरात आजोबापासून होता. मान म्हणजे काय, तर दसऱ्याला देवळात एक नारळ आणि गाव बसलं की लाडू बुधवंताच्या, म्हणजे गावच्या पुढाऱ्याच्या, शेजारी बसायला जागा. पण त्या नारळासाठी कान्हू जीव टाकी. आणि त्याच कान्हूचे कान गेले होते.

गेले ते एकदम नाही. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, आणि जाताना कानात रातकिडे ठेवून गेला. घरात चुलीपुढं बसून तोंडासमोर बोललं तर त्याला अजूनही सगळं कळे, त्यामुळे गावात कुणाला शंका आली नाही. नदीवर मात्र त्याला पाणी आणि माणूस वेगळं करता येईना. पहिल्या वर्षी त्यानं नदीलाच नावं ठेवली. यंदा पाणी भलतंच बोंबलतंय म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! गिरजानं, त्याच्या बायकोनं, ते महिनाभर ऐकून घेतलं आणि मग काही न बोलता ती त्याच्याबरोबर खडकावर जायला लागली.

तिनं युक्ती साधी केली होती. त्याच्यावर इरलं धरायच्या निमित्तानं ती त्याच्या मागं उभी राही. पलीकडे वांगड्याची हाक वासू देई. त्याचा तुकडा आला की ती तो नवऱ्याच्या उजव्या कानात सांगे, आणि कान्हू छाती फुगवून उलट हाक देई. वासू म्हणे, कान्हूसारखा कान सगळ्या सुपा पेठ्यात, या अख्ख्या मुलखात नाही. गाववाले हसत, म्हाताऱ्याला बायकोशिवाय पाऊससुद्धा सोसवत नाही म्हणत. हसू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण त्या मुठीचा भार गिरजाच्या अंगावर होता आणि ती थकली होती. दिवसभर लावणी करून कंबर मोडे ते वेगळं, ते निजलं की उतरे. हे ऐकण्याचं शिणणं कपाळात बसे. एक निरोप घ्यायचा म्हणजे सगळं अंग कानात गोळा करायचं. आधी इरल्यावर ताशासारखा वाजणारा पाऊस बाजूला करायचा, मग नदी बाजूला करायची, मग त्यातून वासूचा आवाज उचलायचा, अडलेलं अक्षर ओळखायचं, तोवर त्याचा पुढचा तुकडा आलेला असे. घरी आल्यावर भांड्याला भांडं लागलं तरी ती खेकसे. कुणी बोलू नये, काही विचारू नये असं तिला वाटे. बायका नवऱ्याला ‘ऐकलं का’ म्हणून हाक मारतात. तिनं ते कधीच सोडलं होतं.

त्या वर्षी श्रावण लागता लागता गिरजालाच हिंवतापानं धरलं. दुपारी थंडी वाजून येई, संध्याकाळी अंग भाजून निघे, आणि मग घामानं गोधडी भिजे. पलीकडे वांगड्यात तिची एकुलती एक लेक केशर दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. आई आजारी पडली आहे हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारण तापातही गिरजा खडकावर गेली होती आणि आपल्याच दुखण्याचा निरोप तिनं नवऱ्याच्या कानात सांगितला होता. पुढं तिला उठवेना.

मग एक दिवस संध्याकाळच्या पेजेच्या वेळी वासूची लांब हाक आली. कान्हूनं इरलं उचललं.

“तुमी जाऊ नका,” गिरजा गोधडीतून म्हणाली. “लाडूदांना जाऊ द्या. पोटात दुखतंय म्हना.”

“पोटात दुखतंय म्हनून कुनी मान सोडतं व्हय?”

“मी न्हाई तर तुमी काय ऐकनार?”

“सवय हाय मला. तू ये-जा करायच्या आधी बी मीच ऐकत हुतो,” म्हणाला आणि गेला.

घर खडकापासून लांब नव्हतं. गिरजानं डोळे मिटले आणि कान लावला. डोकं ठणकत होतं, गवताच्या छपरावर पाऊस पडत होता, तरी सवय कुठं जाते? वासूचा आवाज तिनं उचललाच. त्यात केशरचं नाव होतं. मग ‘आये’ होतं, आणि शेवटी एक लांब ‘हाय’, त्याचं शेपूट वर उचललेलं. निरोपाचं शेपूट खाली पडतं, प्रश्नाचं वर जातं. केशर विचारते आहे, आई कशी आहे.

“पुन्हाऽऽ,” कान्हूचा आवाज आला.

वासूनं पुन्हा विचारलं. गिरजा मनातल्या मनात म्हणाली, सांगा, बरी हाय म्हणून सांगा, उतार पडतोय म्हणून सांगा. ती वाट बघत राहिली. नदी वाजत राहिली. बाकी काही आलं नाही. शेवटी ओसरीवर इरलं टेकल्याचा आवाज झाला आणि कान्हू आत येऊन चुलीपुढं बसला.

“काय म्हनला वासू?”

“काय न्हाई. पाऊसपान्याचं इचारत हुता.”

“आनि तुमी काय सांगितलं?”

तो चुलीत काटक्या सारत राहिला. “पुन्हा एकदा म्हनलं. दोन बायका पान्याला आल्या हुत्या, त्या बघत हुत्या. परत परत किती इचारायचं? म्हनलं, वाईच इचार करावा, काय असंल ते ध्यानात येतंय का. तवर त्यो गेला.”

“कसा गेला?”

कान्हूनं चुलीत फुंकर घातली. तिनं पुन्हा विचारलं, आणि तोंडासमोर विचारलं होतं, म्हणजे त्याला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

“इरलं काढून गेला,” तो म्हणाला.

गिरजाच्या अंगातला ताप क्षणभर कुठल्या कुठं गेला. लेकीनं विचारलं आई कशी आहे, आणि या माणसानं खडकावर गप्प उभं राहून तिला सांगितलं, आई गेली. दिवस भरलेल्या पोरीला सांगितलं.

“मला जित्तेपनी मारलंत की वो तुमी.”

“म्या काय केलं? म्या एक शबूद बोललो न्हाई!”

“त्येच केलंत. आत्ता जा. आत्ताच जाऊन सांगा.”

“अंधार पडला. पलीकडं खडकावर कोन असनार आता? सकाळी जातो. सांगतो गिरजा बरी हाय म्हनून, हाय काय त्यात!” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “लाडूला मातूर कळू देऊ नको गो.”

तिला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी कीवही आली, आणि दोन्ही बाहेर काढायला अंगात त्राण नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं भिंतीकडे तोंड केलं. घाम येऊन ताप उतरला तरी डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पाऊस जरा थांबला, आणि तो थांबला म्हणूनच ते ऐकू आलं. पलीकडच्या काठावर कुणी रडत होतं. या भागात बायका रडतात ते सुरात, आणि नात्यानात्याचा सूर वेगळा असतो. नवऱ्यासाठीचा तुटक, मुलासाठीचा नुसताच वर चढणारा. हा लांब, खाली खाली येणारा सूर आईसाठीचा होता. गिरजानं तो स्वतःच्या आईसाठी काढला होता. शब्द नदीनं खाल्ले होते, पण आवाज कुणाचा हे कळायला तिला शब्द नको होते. केशर सुतकाच्या अंघोळीसाठी पाण्यावर आली होती आणि तिच्या नावानं रडत होती.

आपल्या मरणाचं रडणं आपण ऐकावं, असा भोग कुणाच्या वाट्याला येऊ नये. गिरजाला आधी वाटलं, किती प्रेम आहे पोरीचं. मग वाटलं, अशी अवघडलेली ती थंड पाण्यात उतरली आहे. ती उठली. भिंत धरून उभी राहिली, कांबळं पांघरलं आणि बाहेर पडली. कान्हू मागून इरलं घेऊन धावला.

खडकाजवळ चारपाच माणसं जमली होती. पलीकडं कोण गेलं याचा अंदाज ती करत होती. त्यात लाडू बुधवंतही होता. गिरजाला बघून तो म्हणाला, “वैनी, तापात कशाला आलात? वांगड्यात कोन तरी गेलं वाटतं.”

“मी गेलेय,” गिरजा म्हणाली आणि खडकावर चढली.

पलीकडं धुक्यात माणसांचे आकार दिसत होते. पाण्याजवळ एक बसलेला, बाकीचे मागं उभे. गिरजानं छाती भरून घेतली आणि हाक मारली, “केशर गोऽऽऽ!”

रडणं चटकन थांबलं.

म्हणजे हाक पोचली होती. तिला वाटलं, आता ओ येईल. ओ आली नाही. बसलेला आकार उठला, मागं सरला, आणि बाकीच्यांनी त्याला मधे घेतलं. काय झालं ते गिरजाच्या लक्षात आलं. मेलेलं माणूस पाण्यावरून हाक मारतं, त्याला ओ द्यायची नसते. ओ दिली की ते घेऊन जातं. केशर लहान असताना तिनंच तिला हे मांडीवर घेऊन शिकवलं होतं. पोरीनं आईचा आवाज बरोबर ओळखला होता. ओळखला म्हणूनच ती तोंड मिटून उभी होती.

गिरजानं पुन्हा हाक मारली. ती निम्म्यातच फाटली. तिसरीला नुसता वारा बाहेर पडला. तापानं सुकलेल्या घशात आवाज होता तेवढा संपला.

“सर बाजूला, मी सांगतो,” कान्हू पुढं आला. आवाज मात्र त्याचा अजून दांडगा होता. “वासूऽऽऽ! गिरजाऽऽ जिती हाऽऽय!”

नदीच्या पलीकडं हालचाल झाली. उलट हाक आली नाही. कशी येणार? म्हातारा बायको गेल्यामुळं वेडा झाला, असंच कुणालाही वाटावं. थोड्या वेळानं वासूचा आवाज आला, तुकड्यातुकड्यानं, आणि त्याचं शेपूट वर होतं. गिरजानं तो उचलला. मग काल का गप्प राहिलास, असं तो विचारत होता.

कान्हू तोंड उघडून पलीकडं बघत राहिला. मग तिच्याकडं वळला. सवयीनं उजवा कान तिच्या बाजूला आला.

गिरजानं सांगितलं. पण तिच्या घशातून निघालं ते पुटपुटणं, आणि नदीच्या आवाजात ते त्याला ऐकू येईना. तिनं परत सांगितलं. त्यानं डोकं हलवलं. लाडू बुधवंत दोन हातांवर उभा होता. बाकीचेही बघत होते. पुन्हा गप्प राहिलं तर पलीकडं कालचंच खरं ठरणार होतं, आणि केशरला घेऊन ती माणसं आता वर जायला लागली होती.

इतकी वर्षं तिनं ही मूठ झाकून धरली होती. आता बोटंच दुखायला लागली होती. जाऊ दे नारळ, जाऊ दे ती बुधवंताशेजारची जागा. तिनं दोन्ही हातांनी नवऱ्याचं डोकं धरलं, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि उरलासुरला आवाज गोळा करून ओरडली, “काल गप का ऱ्हायलास, म्हनून इचारतोय त्यो!”

कान्हूला ऐकू आलं. सगळ्यांनाच ऐकू आलं. लाडू बुधवंतानं कान्हूकडं बघितलं, मग गिरजाकडं, मग त्या इरल्याकडं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला गेल्या कित्येक पावसाळ्यांचं एकदम उमगलं. कान्हू मान खाली घालून उभा होता. घसा बसला होता असं सांगता आलं असतं. पण कालचं ‘पुन्हा’ नदीपार खणखणीत गेलं होतं, आणि हाकेच्या खडकावरून कुणी खोटं बोलत नसे.

त्यानं इरलं खाली ठेवलं आणि हात तोंडाशी धरले. नेहमीच्या रीतीनं आधी नाव, मग एकेक तुकडा.

“वासूऽऽऽ! मला कान्हूलाऽऽ... ऐकाय येत न्हाऽऽई! काल तुझी हाकऽऽ... कळली न्हाऽऽई! म्हनून गपऽऽ ऱ्हायलो! गिरजाऽऽ जिती हाऽऽय!”

पलीकडं वर चाललेली माणसं थांबली. मग वासूची उलट हाक आली. रीतच ती, जे ऐकलं ते तसंच्या तसं परत द्यायचं, त्यातलं काही गाळायचं नाही. कान्हूला ऐकू येत नाही, काल हाक कळली नाही, म्हणून गप्प राहिला, गिरजा जिवंत आहे. एकेक तुकडा ताणून, पाण्यावरून, दोन्ही गावांना ऐकू जाईल असा. ज्याचं होतं त्या कान्हूला मात्र ते ऐकू आलं नाही.

“आली का उलट हाक?” त्यानं विचारलं.

गिरजानं मान हलवली.

“बरोबर बोलला?”

तिनं पुन्हा मान हलवली. कान्हूनं पलीकडं तोंड करून ‘व्हय’ म्हटलं. ते मात्र त्याला नीट ओरडता आलं नाही.

तेवढ्यात दुसरा आवाज आला, पातळ, थरथरता. “आयेऽऽऽ!”

केशर माणसांच्या मधून परत पाण्याकडं आली होती. तिनं विचारलेलं होतं ते एवढंच, आणि त्याला उत्तर गेलंच पाहिजे होतं. गिरजानं तोंड उघडलं. काही निघालं नाही. खाकरून बघितलं, तरी नाही. पलीकडं केशर उभी होती आणि गप्पपणा लांबत होता. गिरजानं नवऱ्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवलं आणि कानाशी जाऊन घोगऱ्या आवाजात म्हणाली, “केशर हाक मारतीया. माझ्यासाठनं ओ द्या.”

“कोन?”

“तुमची लेक! ओ द्या म्हनते ना!”

कान्हूनं डोळे मिटले. “ओऽऽऽ!” तो म्हणाला. सगळी नदी ओलांडून जाईल अशी ओ होती ती.

पलीकडून पुन्हा ‘आये’ आली, रडत, हसत, कशी कोण जाणे. ‘ओ’ गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. गिरजा दर खेपेला त्याचा दंड दाबी आणि तो ओ देई. मग तिला उभं राहवेना. तिनं हात सोडला आणि ओल्या खडकावर बसली. पाऊस परत सुरू झाला. लाडू बुधवंतानं खाली ठेवलेलं इरलं उचलून तिच्यावर धरलं.

पलीकडं बायकांनी केशरला कांबळ्यात गुंडाळलं आणि तिला धरून वर घराकडं नेलं. हाका थांबल्या. कान्हूला ते कळायला वाट नव्हती. तो पाण्याकडं तोंड करून उभा होता, आणि लेकीची एकही हाक वाया जाऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं ओ देत होता. लाडू त्याला थांबवायला पुढं झाला, तेव्हा गिरजानं नको म्हणून हात केला. “देऊ द्या,” ती म्हणाली.